घरात लघवीची नळी असेल तर: बायोफिल्म समजून करायची निगा

पक्षाघात, मणक्याला मार, वाढलेलं प्रोस्टेट, खुब्याचं ऑपरेशन. कारण काहीही असो, बरेच रुग्ण लघवीची नळी लावूनच घरी येतात. पहिले पंधरा-वीस दिवस ठीक जातात. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. कल्चर रिपोर्ट, अँटिबायोटिकचा कोर्स, ताप उतरतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. रिपोर्टातला जंतू तोच आणि औषधासमोरचा ‘सेन्सिटिव्ह’ हा शेराही तोच. घरच्यांचा प्रश्न रास्त असतो: औषध लागू पडतं म्हणता, मग दुखणं जात का नाही?

कारण औषध रक्तात आणि लघवीत पोचतं, जंतू मात्र नळीला चिकटून बसलेले असतात. हे एकदा नीट समजलं की निगेतल्या निम्म्या गोष्टी आपोआप समजतात आणि निम्म्या (रोज डेटॉल लावणं, दर आठवड्याला लघवी तपासणं) आपोआप बंद होतात.

नळीत नेमकं काय होतं

नळी मूत्राशयात गेली की काही मिनिटांतच तिच्यावर लघवीतल्या प्रथिनांचा पातळ लेप बसतो. त्या लेपावर जंतूंना पकड मिळते. चिकटलेले जंतू वाढतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए यांचा चिकट गिलावा करतात. ही बायोफिल्म. मोरीतली बादली चार दिवस घासली नाही तर आतून हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच जातीचा. पाणी ओतून तो जात नाही, घासावा लागतो. आणि नळी आतून घासता येत नाही.

या थरात तळाशी बसलेल्या जंतूंना अन्न आणि प्राणवायू कमी मिळतो, म्हणून ते जवळजवळ झोपल्यासारखे असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढत्या, विभागणाऱ्या जंतूंवरच काम करतात. झोपलेल्याला ती फारसं काही करू शकत नाहीत. शिवाय गिलाव्यातून काही औषधं आत झिरपायला वेळ लागतो. एकूण परिणाम असा की मोकळा जंतू ज्या मात्रेला मरतो, त्याच्या दहा ते हजारपट मात्रा बायोफिल्ममधल्या जंतूला लागू शकते. एवढं औषध माणसाला देता येत नाही.

लॅबमध्ये मात्र तपासणी होते ती मोकळ्या जंतूंची. थरातून सुटून लघवीत आलेला जंतू प्लेटवर वाढवतात, त्याच्यावर औषध घालून पाहतात, तो मरतो. रिपोर्ट खोटा नसतो, पण तो नळीतल्या थराबद्दल काही सांगत नाही. कोर्स संपला की थरातून नवे जंतू सुटतात आणि ताप परत येतो. याला औषधाला दाद न देणारा जंतू म्हणत नाहीत. पण असे अर्धवट कोर्स वारंवार झाले तर खरोखर दाद न देणारे जंतू उरतात, आणि मग गोळ्या संपून इंजेक्शनांची पाळी येते.

हा प्रकार फक्त नळीचा नाही. बदललेला गुडघा, हृदयाची कृत्रिम झडप, डायलिसिसची नळी, दातांची कवळी, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, सगळीकडे हेच घडतं. 2008 साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात जुनाट जखमांपैकी 60 टक्के जखमांमध्ये बायोफिल्म सापडली, ताज्या जखमांपैकी जेमतेम 6 टक्क्यांत. पण घरच्या माणसांच्या हातात सगळ्यात जास्त काही असतं ते लघवीच्या नळीच्या बाबतीत, म्हणून इथे तेवढंच.

जंतू आत शिरायचे रस्ते दोन. एक नळीच्या बाहेरून: जिथे ती शरीरात शिरते तिथून, त्वचेवरचे आणि शौचाचे जंतू तिच्या अंगाने वर सरकतात. दुसरा आतून: बॅगेच्या तोटीतून किंवा नळी आणि बॅग जिथे जोडलेली असते त्या सांध्यातून. नळी आत असेल तर दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिन्याच्या आसपास जवळपास सगळ्यांच्याच. म्हणजे लांब मुदतीच्या नळीत जंतू असणारच. ते येऊच नयेत ही अपेक्षा सोडून द्या. ते उशिरा यावेत, त्यांनी नळी बंद पाडू नये आणि ते रक्तात जाऊ नयेत, हे साधता येतं.

पहिला प्रश्न: नळी हवीच आहे का?

बायोफिल्मवर एकच हमखास उपाय आहे, नळी काढणं. त्यामुळे प्रत्येक व्हिजिटला डॉक्टरांना विचारायचं: अजून लागते का? किती दिवस? ‘बिछाना ओला होतो’ एवढ्यासाठी नळी ठेवली असेल तर ती चुकीची सोय आहे. लघवी तुंबत नसेल, नुसती सुटत असेल, तर पुरुषांना कंडोम कॅथेटर (शिश्नावर बाहेरून चढवायचं, नळीला जोडलेलं आवरण) किंवा डायपर चालतो. लघवी तुंबत असेल आणि रुग्णाचे किंवा घरच्यांचे हात चालत असतील, तर दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी घालून लघवी काढून टाकायची आणि नळीही लगेच काढायची ही पद्धत शिकता येते. अमेरिकेत लॅपिडिस यांनी ती 1972 साली मांडली तेव्हा लोकांना धाडसाची वाटली होती. आज मणक्याच्या रुग्णांत ती पहिली निवड मानतात, कारण बायोफिल्मला बसायला जागाच राहत नाही. शिकायला फार दिवस लागत नाहीत, युरॉलॉजीच्या सिस्टर शिकवतात.

सामान

इंदुरात राहत असाल तर सगळं दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, एका फेरीत मिळतं. दुकानदाराला सांगताना चार गोष्टी स्पष्ट सांगा: जात, माप, फुग्याचा आकार, बॅग.

जात: साधी लेटेक्सची पिवळसर नळी स्वस्त असते, पण ती दोन ते चार आठवड्यांपुरतीच धरावी. पूर्ण सिलिकॉनची पारदर्शक नळी महाग, मात्र कंपनी साधारण बारा आठवड्यांपर्यंत ठेवायला सांगते, आणि तेवढ्याच जाडीत तिचं आतलं भोक मोठं असतं. ‘सिलिकोनाइज्ड’ म्हणजे लेटेक्सवर सिलिकॉनचा नुसता लेप. ती पूर्ण सिलिकॉनची नव्हे. पाकिटावर ‘100 टक्के सिलिकॉन’ आहे का ते वाचून घ्या, दुकानात या दोन्हींची गल्लत नेहमी होते.

माप: मोठ्यांना बहुधा 14 किंवा 16 नंबर. तीन नंबर म्हणजे 1 मिलिमीटर, म्हणजे 16 नंबरची नळी साधारण 5.3 मिलिमीटर जाड. बाजूने गळतं म्हणून जाड नळी घालायचा मोह होतो. जाड नळीने मूत्रमार्गाला जास्त इजा होते आणि गळणं थांबतही नाही, कारण गळण्याचं कारण बहुधा मूत्राशयाचा पेटका किंवा तुंबलेली नळी हे असतं.

फुगा (नळी मूत्राशयात अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने फुगवतात तो): 10 मिलीचा. 30 मिलीचा फुगा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव दाबण्यासाठी वापरतात. घरी तो नको. मोठा फुगा मूत्राशयाच्या तळाला टोचतो आणि त्याच्याखाली लघवी साचून राहते.

बॅग: 2 लिटरची, खाली तोटी असलेली, आणि वर एकेरी झडप असलेली, म्हणजे बॅगेतली लघवी उलटी नळीत जात नाही. नळीवर नमुना घ्यायचा रबरी पोर्ट असलेली बॅग थोडी महाग मिळते. तीच घ्या; का, ते पुढे येईल.

याशिवाय मांडीवर नळी बांधायचा पट्टा किंवा रुंद मायक्रोपोर चिकटपट्टी, स्पिरिट स्वॅब, एकदाच वापरायचे हातमोजे आणि लघवी ओतायला दुसऱ्या कशालाही न वापरायचा एक जग. घरात दोन रुग्ण असतील तर जगही दोन.

रोजची निगा

हात. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने 40 ते 60 सेकंद. अंगठे आणि नखांच्या कडा हमखास राहतात. आधीच्या रुग्णाची बॅग रिकामी करून तेच हात पुसून दुसऱ्याकडे जाणारा अटेंडंट ही जंतूंची सगळ्यात सोपी वाहतूक.

धुणं. दिवसातून एकदा आणि दर शौचानंतर, साधा साबण आणि पाणी. नर्मदेचं असो की बोअरचं, नळाला येतं तेच पाणी चालतं. बायकांमध्ये पुढून मागे पुसायचं, उलट कधीच नाही. पुरुषांमध्ये शिश्नावरची त्वचा मागे सारून धुवायचं आणि धुऊन झाल्यावर ती न विसरता परत पुढे आणायची. मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन ती अडकते आणि रात्रीच्या वेळी इमर्जन्सी गाठावी लागते. मग नळी शरीराजवळ दोन बोटांनी धरून ओल्या फडक्याने शरीरापासून बाहेरच्या दिशेने साधारण चार बोटं लांबी पुसायची. नळी ओढायची नाही, आत-बाहेर सरकवायची तर मुळीच नाही. बेटाडिन, डेटॉल, पावडर, मलम यांतलं काहीही रोज लावू नका. त्यांनी त्वचा चुरचुरते, आणि थर तर नळीच्या आत आहे, तिथे ते पोचत नाही.

बांधणी. पुरुषांत मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर, बायकांत मांडीच्या आतल्या बाजूला. पाय हलवला तरी ताण येणार नाही इतका ढील ठेवायचा. ताण पडला की फुगा मूत्राशयाच्या तोंडावर घासतो, मूत्रमार्गाच्या टोकाला चीर पडते, आणि खरचटलेल्या जागी जंतू लगेच बसतात. पट्टीची जागा दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर खाली कातडी लाल होते.

बॅगेची जागा. नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीवर टेकलेली नाही. पलंगाच्या कडेला हूक अडकवा, पलंगाच्या दांडीला. उघडमीट होणाऱ्या कठड्याला नाही, कारण कठडा वर केला की बॅगही वर जाते. कूस बदलताना, व्हीलचेअरवर घेताना बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवायची सवय असते. त्याच क्षणी झडप नीट नसेल तर बॅगेतली जुनी लघवी, त्यातल्या जंतूंसकट, उलटी मूत्राशयात जाते. नळीला वेटोळं पडून खाली लोंबू देऊ नका. त्या पिळात लघवी साचते आणि वरून दाब येतो.

बॅग रिकामी करणं. ती दोन-तृतीयांश भरली की, नाहीतर दर सहा-आठ तासांनी. पद्धत ठरलेली ठेवा:

1. हात धुवा, हातमोजे घाला, जग बॅगेखाली धरा.
2. तोटीचं टोक स्पिरिट स्वॅबने पुसा.
3. तोटी उघडा. टोक जगाच्या काठाला, आतल्या लघवीला किंवा बोटाला लागू देऊ नका.
4. रिकामी झाली की बंद करून टोक पुन्हा नव्या स्वॅबने पुसा.
5. किती मिली, कोणता रंग, किती वाजता हे वहीत लिहा. मग लघवी संडासात ओता, जग साबणाने धुऊन उन्हात पालथा घाला.

घरोघर चूक होते ती तिसऱ्या पायरीत. तोटी जगात बुडते, जगातले कालचे जंतू तोटीला लागतात, आणि काही दिवसांत तेच वर चढतात.

नळी आणि बॅगेचा सांधा शक्यतो उघडायचाच नाही. आंघोळीला सोयीचं म्हणून काढणं, ‘नळी धुऊन घेऊ’ म्हणून काढणं, दोन्ही बंद. बॅग बदलायची ती कंपनीने पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला, फाटली-गळली तर, किंवा नळी बदलताना. बॅगेत अँटिसेप्टिक टाकणं आणि मूत्राशय घरी पिचकारीने धुणं यांनी जंतू कमी होत नाहीत. दर वेळी सांधा मात्र उघडतो.

अटेंडंट ठेवला असेल तर हे सगळं तोंडी सांगून भागत नाही. इंदुरात तो बहुधा हिंदीच बोलणारा असतो, म्हणून पलंगामागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत हिंदीत लिहून लावा: ‘थैली पेशाब की जगह से ऊपर नहीं’, ‘नली बैग से अलग नहीं करनी’, ‘हाथ पहले, हाथ बाद में’. दिवसपाळी आणि रातपाळीची माणसं वेगळी असली तर या तीन ओळी फार कामाला येतात.

पाणी, खर आणि बंद पडणारी नळी

ज्यांची नळी महिनोन्महिने राहते, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांची ती केव्हा ना केव्हा आतून तुंबते. बोअरच्या जड पाण्याला दोष देण्याची पद्धत आहे, पण मुख्य आरोपी वेगळा. प्रोटियस मिराबिलिस नावाचा जंतू युरियेज हे एन्झाइम बनवतो. ते लघवीतल्या युरियाचं अमोनिया करतं, लघवीचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) चढतो, आणि अल्कली लघवीत मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचे खडे बनतात. ते बायोफिल्ममध्येच अडकतात. थर दगडी होतो (हीच खर), नळीच्या टोकाची भोकं आधी बुजतात.

ओळखायचं कसं? लघवीत बारीक पांढरी रेती, नळीला आतून खरखर, दरवेळी ठरावीक दिवसांनी तुंबणं. सिस्टर जुनी नळी काढतील तेव्हा मोजे घालून तिचं टोक दोन बोटांत चोळून बघा. रेती भरल्यासारखं कुरकुरलं तर खर आहे. मग ती नळी किती दिवस आत होती ते वहीत लिहा. अशा दोन-तीन नळ्यांच्या नोंदी झाल्या की त्या रुग्णाची मुदत कळते. समजा 26, 24 आणि 28 दिवसांनी तुंबली, तर पुढची बदली 20-21 व्या दिवशीच ठरवून टाका. पाकिटावर बारा आठवडे लिहिलं असलं तरी या रुग्णाला ते लागू नाही. इमर्जन्सीत बदलण्यापेक्षा ठरवून बदलणं रुग्णाला कितीतरी सोसवतं.

वारंवार तुंबत असेल तर डॉक्टरांना मूत्राशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करायला सांगा. प्रोटियस खड्याच्या आत लपतो, आणि खडा असेपर्यंत नवी नळीही तशीच भरते.

पाणी हा खराखुरा उपाय आहे. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाकाठी दीड ते दोन लिटर लघवी होईल इतकं, आणि ते दिवसभर विभागून. संध्याकाळी एकदम तांब्याभर नाही. मे महिन्यात मालव्याच्या उन्हात घाम इतका जातो की एवढी लघवी व्हायला पिणं बरंच वाढवावं लागतं. म्हणून प्यायलेलं मोजण्यापेक्षा बॅगेत काय उतरलं ते मोजा. लिंबातल्या सायट्रेटमुळे खर बनायला लागणारा पीएच वर सरकतो, म्हणजे लघवी थोडी अल्कली झाली तरी लगेच खडे धरत नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा पातळ लिंबूपाणी, मधुमेह असेल तर बिनसाखरेचं. सराफ्यातली शिकंजी यात मोजू नका. ती दूध-रबडीची, तिच्यात लिंबाचा थेंब नाही आणि साखर भरपूर. क्रॅनबेरीच्या गोळ्या महाग येतात, नळीच्या रुग्णांत त्यांचा उपयोग दिसलेला नाही.

बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. गुदाशय भरलेला असेल तर नळी आणि मूत्राशय दाबले जातात आणि लघवी बाजूने गळते. नळी बदलूनही गळणं थांबत नसेल तर आधी पोट साफ झालं का ते विचारा.

दोन-तीन तासांत बॅगेत काहीच उतरलं नाही तर क्रमाने बघा: नळी मुडपली आहे का, रुग्ण तिच्यावर झोपला आहे का, पट्टा आवळला आहे का, बॅग वर आहे का, बॅग इतकी भरली आहे का की आत जागाच नाही. सगळं ठीक असून ओटीपोट फुगलेलं, रुग्ण अस्वस्थ, तर नळी तुंबली. पिचकारीने जोर लावू नका, फुगा घरी कात्रीने कापू नका. ज्यांना मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे त्यांना तुंबलेल्या नळीने एकाएकी भयंकर डोकेदुखी, चेहऱ्यावर घाम आणि बीपी चढू शकतं. अशा रुग्णाला उठवून बसवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

ताप आणि लघवीचा रिपोर्ट

गढूळ लघवी, वास, रिपोर्टात ‘भरपूर पस सेल्स’ (पुवाच्या पेशी): नळीच्या रुग्णात यांतल्या एकट्या कशावरूनही इन्फेक्शन ठरत नाही. नळी आहे म्हणजे जंतू आणि पस सेल्स येणारच. म्हणून रुग्ण बरा असताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून कल्चर पाठवू नका. पॉझिटिव्ह येतं, कोणीतरी गोळ्या लिहितं, थर जातच नाही आणि पुढच्या खऱ्या तापाला औषध उरत नाही. अपवाद दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गात रक्त येईल असं ऑपरेशन किंवा दुर्बीण करायची असेल तेव्हा.

कधीकधी बॅग चक्क जांभळी होते आणि घर हादरतं. बद्धकोष्ठ, आतड्यातून शोषलं गेलेलं इंडोल नावाचं रसायन आणि बॅगेतले काही जंतू मिळून निळा आणि लाल रंग बनतो, दोन्ही मिळून जांभळा. दिसायला भीतिदायक, ताप नसेल तर बॅग बदलणं, पोट साफ करणं आणि पुढच्या भेटीत सांगणं पुरे.

खरी लक्षणं वेगळी: 38 अंश सेल्सियस (100.4 फॅरनहाइट) किंवा वर ताप, थंडी वाजणं, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, लघवीत नव्याने रक्त. म्हाताऱ्या माणसांत कधी ताप नसतोच. एकाएकी भ्रम, गुंगी, जेवण सुटणं, बीपी उतरणं एवढंच दिसतं. भ्रमाची इतर कारणंही असतात, पण नळी असताना उशीर करायचा नाही. बीपी उतरलेलं, श्वास जोरात, माणूस गुंगीत असेल तर घरी नमुन्यांच्या मागे न लागता एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

नमुना घ्यायचा कसा, यावर सगळं अवलंबून आहे. बॅगेतली लघवी कल्चरला पाठवणं म्हणजे बॅगेत रात्रभर वाढलेल्या जंतूंचा रिपोर्ट मागवणं. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर जुनी काढून नवी घालायची आणि नव्या नळीतून आलेली ताजी लघवी द्यायची. जुन्या नळीच्या नमुन्यात थरातले सगळे रहिवासी येतात. मूत्राशयात खरा त्रास कोण देतंय ते नव्या नळीतून कळतं. नळी नवीच असेल तर पोर्टच्या खाली नळी 10-15 मिनिटं चिमटा लावून बंद ठेवायची, पोर्ट स्पिरिटने पुसून वाळू द्यायचा, निर्जंतुक सिरिंजने नमुना ओढायचा, चिमटा काढायला विसरायचं नाही. नळीलाच सुई टोचून लघवी काढायची जुनी पद्धत सिलिकॉनच्या नळीला चालत नाही, ती तिथून गळत राहते. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नाही. लॅबच्या फॉर्मवर ‘कॅथेटर, नवीन’ आणि घातल्याची तारीख लिहा. अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुन्यानंतर.

त्याच वेळी डॉक्टरांना विचारा: नळी बदलली का? जुनी नळी तशीच ठेवून अँटिबायोटिक देणं हा वारंवार परतणाऱ्या तापामागचा नेहमीचा घोळ. नळी बदलून औषध सुरू केलं तर ताप लवकर उतरतो आणि लवकर परतत नाही. लवकर आराम पडला तर सात दिवसांचा कोर्स बहुधा पुरतो, उशिरा पडला तर दहा ते चौदा. नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. आराम पडला म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवू नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या सुरू करू नका.

बदलताना बाजूला उभं राहून काय बघायचं

नळी शिकलेल्या माणसाने बदलावी. घरी सिस्टरना बोलावलं तरी निर्जंतुक मोजे, नवं पाकीट आणि एकदाच वापरायची जेली हवी. अर्धी वापरलेली जेलीची ट्यूब घेऊन कोणी आलं तर नवी मागवा. पुरुषांत जेली मूत्रमार्गात सोडून तीन ते पाच मिनिटं थांबावं लागतं, तेवढं थांबतात का बघा. घाईने घातली की रक्त येतं. नळी बाहेरच्या टोकाच्या फाट्यापर्यंत आत गेली आणि लघवी दिसली की मगच फुगा फुगवायचा. मूत्रमार्गातच फुगला तर इजा मोठी असते. फुगवताना रुग्ण कळवळला तर लगेच थांबवा. फुग्यात निर्जंतुक पाणी, पाकिटावर लिहिलं तेवढंच. सलाइन नको: त्यातलं मीठ बारीक वाहिनीत साचून पुढे फुगा रिकामा होत नाही. सिलिकॉनच्या फुग्यातलं पाणी हळूहळू झिरपून कमी होतं, त्यामुळे काढताना 10 ऐवजी 8 मिली आलं तर दचकू नका. प्रत्येक बदलीच्या वेळी सवयीने अँटिबायोटिकची गरज नसते.

नव्या बॅगेवर मार्करने तारीख टाका.

प्रवास आणि कचरा

लग्नासाठी इंदूर-पुणे गाडीने जायचं असेल तर खालचा बर्थ घ्या, बॅग बर्थच्या कडेला खाली अडकवा आणि वर चादर टाका. बर्थवर रुग्णाशेजारी ठेवू नका. निघण्याआधी रिकामी करा. सोबत एक जादा बॅग, स्वॅब, मोजे, जग आणि नळीच्या मापाची चिठ्ठी ठेवा, कारण परगावच्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. पायाला बांधायची लहान बॅग प्रवासात सोयीची, रात्री मात्र ती लवकर भरते.

वापरलेली नळी, बॅग, मोजे, रक्ताळलेला कापूस सुक्या कचऱ्यात टाकू नका. बॅग रिकामी करून सगळं जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल खूण करा आणि इंदूरच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्यासाठी जो वेगळा कप्पा असतो त्यात द्या. सुई असेल तर ती आधी झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात. डबा भरला की सिस्टरांसोबत किंवा जवळच्या दवाखान्यात परत द्या, गाडीवाल्या पोराच्या हाताला ती टोचायला नको.